पाचवा विस्तव

शेकोटी विझली की नाही हे बघायचा एकच खात्रीचा मार्ग आहे. राखेत हात घालायचा. वरून पाणी ओतलं, वाफ निघून गेली, राख काळी पडली, की लोक विझली असं धरून चालतात. तळाचा निखारा तसाच असतो. पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि शेवटी उघडा तळहात तळापर्यंत न्यायचा. हात तिथे ठेववला तर विझली. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर या तपासणीचे डाग आहेत.

मी धंद्याला सुरुवात केली ती भाड्याच्या टोपांवर. आचऱ्याजवळचं आमचं गाव. लग्नकार्याला मोठे टोप, कायली, झारे द्यायचो. मग ताडपत्र्या घेतल्या, मग खुर्च्या, मग मंडप. मंडपानंतर तंबू. आता दोडामार्गच्या बाजूला जंगलाच्या कडेला वनखात्याची एक मोकळी जागा आहे, तिथे थंडीचे तीन महिने मी तंबू लावतो. पुण्या-मुंबईचे गट येतात, शाळांच्या सहली येतात. वडिलांकडून मला काही मिळालं असेल तर तो राग. बाकी सगळं घासाघीस करून मिळवलेलं आहे. मी मीठ घेतानासुद्धा भाव करतो, आणि त्यात मला लाज वाटत नाही.

जंगलातल्या परवानगीच्या अटी मला तोंडपाठ आहेत. आग एकच. तीही जमिनीवर नाही, लोखंडी पिंप आडवं कापून, त्याला पाय लावून, त्यात. भोवतीचं गवत आणि पाला पार झाडून माती उघडी करायची. लाकूड बाहेरून आणायचं, जंगलातली काटकीसुद्धा उचलायची नाही. पाण्याची दोन पिंपं भरलेली. वारा वाढला तर आग बंद. गटातल्या प्रत्येकाचं नाव यादीत, आणि सगळ्यांच्या वतीनं एकाची सही. त्याला गटप्रमुख म्हणतात. काही झालं तर जबाबदार तो. परवान्याच्या मागच्या पानावर वनरक्षकाला शेरा लिहायला जागा असते. शेरा पडला तर पुढची परवानगी अडते. पाच वर्षं माझं ते पान कोरं होतं.

गिऱ्हाइकांना हे पटत नाही. त्यांना डोक्याएवढी ज्वाळा हवी असते. पुण्याचा एकजण माझ्या पिंपातल्या आगीकडे बघून म्हणाला, "काका, ही शेकोटी आहे की उदबत्ती?"

"उदबत्तीच समजा," मी म्हटलं. "समोर उभे राहा आणि हात जोडा."

तो हसला. त्याच्या बायकोनं त्याला मागे ओढलं. पण ज्वाळा मी वाढवली नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की जो शेरा पुढे माझ्या कागदावर पडला तो निष्काळजी माणसाच्या कागदावर पडलेला नाही. आणि तो पडला तो धंद्याच्या कामात नाही. गावाच्या कामात पडला.

आमच्या गावात गावपळण असते. बाहेरच्यांना ते समजावून सांगावं लागतं. तीन-चार वर्षांनी एकदा, भातकापणी उरकली की, ग्रामदेवाला कौल लावतात. देवानं कौल दिला की ठरल्या दिवशी सगळा गाव घरं बंद करून शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. गावात कोणी राहायचं नाही. माळावर झावळांच्या खोपी बांधून तीन दिवस, तीन रात्री काढायच्या. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा. देव या म्हणाला तर परत यायचं. नाही म्हणाला तर आणखी एक दिवस थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायचं.

माणसं उघड्यावर कशी ठेवायची हे मी कुठल्या शिबिरात शिकलो नाही. खोप वाऱ्याला पाठ करून कशी बांधायची, चूल कुठे मांडली तर ठिणगी खोपीवर जात नाही, हे मी लहानपणी गावपळणीत आईच्या हाताखाली शिकलो. आता शहरातले लोक त्यासाठी आमच्याकडे येतात. असो.

आमच्या वाडीची एक रीत आहे. निघताना सगळ्या घरांच्या चुली विझवायच्या. फक्त मानकऱ्यांच्या चुलीतला विस्तव मडक्यात राख घालून, त्यात पुरून बरोबर न्यायचा. तिकडे तो जपायचा. परत आल्यावर त्याच विस्तवावर एकेका घराची चूल पेटवायची. आता सगळ्यांकडे गॅस आहे, तरी न्हाणीची चूल लाकडावरच असते, ती या विस्तवावर पेटते. सुरुवात मानकऱ्यांच्या घरापासून. मग मानाप्रमाणे पुढे. आमचं घर वाडीच्या टोकाला, एकोणिसावं. आमच्यापर्यंत मडकं येईस्तोवर आत निखारा राहिलेला नसायचा. आई मडक्यातली चिमूटभर राख चुलीत टाकायची, पदराआड काडी ओढायची आणि चूल पेटवायची. कुणाला सांगायची नाही. मी तिला एकदा विचारलं तर म्हणाली, "पेटली मां? मगे झाला."

तिच्या जागी झालं असेल. माझ्या जागी झालं नाही.

मागच्या गावपळणीच्या वेळी भानगड झाली ती जागेची. आमची वाडी जिथे जाते तो माळ आधी कुणी विचारात घेत नव्हतं. काही वर्षांपूर्वी वनखात्यानं तिथे हद्दीचे दगड पुरले, खालच्या अंगाला रोपं लावली. कौल झाल्याचं ऐकून वनरक्षक वाडीत आला. घाटावरचा तरुण मुलगा, बोलायला नरम, कामाला कडक. त्यानं सांगितलं की ही आता वनजमीन आहे, एवढ्या लोकांना राहायचं तर गटाची परवानगी लागेल, आणि चुलींचं काय ते आधी ठरवावं लागेल.

दोन दिवसांनी वाडीचे मानकरी माझ्या दुकानात आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, ताठ माणूस. सगळी वाडी त्यांना आबा म्हणते. माझ्या दुकानात ते पहिल्यांदाच चढत होते. खुर्ची पुसून दिली तरी बसले नाहीत.

"तुका ह्या कागदांची सवय आसा," ते म्हणाले. "तूच जावन ये."

"जातंय. पण गटप्रमुख म्हणान नाव माझां लागतला."

"वनरक्षक माझां नाव लिवन गेलो."

"तां खोडूक लागतला. आबानू, माळार जागा कोणी करूची, झोपडी खंय बांधूची, सगळा आजपर्यंत तुम्ही सांगलास. आमका कोणी इचारल्यान नाय. आता कागद मी करतलंय, तर नाव माझां."

ते पायरी उतरायला वळले.

"नाव कोणाचांय लागांदे," ते म्हणाले. "देव काय कागद वाचीत नाय."

मी जिंकलो असं मला वाटलं. माझ्या स्वतःच्या परवान्याचा अर्ज त्याच कार्यालयात, त्याच टेबलावर पडलेला होता. वाडीच्या कागदावर काही वाकडं झालं तर माझा हंगाम जाणार, हे मला कळत होतं. कळूनही मी ती सही मागून घेतली.

वनक्षेत्रपाल बाई होत्या, कोल्हापूरकडच्या, चाळिशीच्या आतल्या. कार्यालयात आम्ही सगळे प्रमाण मराठीत बोलतो, तसंच बोललो.

"म्हणजे हे कॅम्पिंगच ना?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. कॅम्पिंगला माणूस हौसेनं जातो. आम्ही देव सांगतो म्हणून जातो."

"फॉर्ममध्ये प्रयोजन लिहायचंय. देव सांगतो असं लिहू?"

"परंपरागत निवास लिहा."

त्यांनी ते लिहिलं. मग आगीवर आलो. नियम एका आगीचा. मी एकोणीस मागितल्या. त्या हसल्याच. मी म्हटलं, शेकोटी वेगळी आणि चूल वेगळी, शेकोटी करमणुकीची, चूल पोटाची. त्या म्हणाल्या, गवताला ते कळत नाही. मी दहावर आलो, त्या दोनवर गेल्या. म्हातारी माणसं, अंगावरची मुलं, आंघोळीचं गरम पाणी, सगळं मी टेबलावर मांडलं. शेवटी चारवर तुटलं. चार आगी, चारही माझ्या पिंपांत, पाण्याची आठ पिंपं, आणि रोपांच्या बाजूला एकही नाही. चार आणल्या म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

राहिला परतीच्या तारखेचा रकाना. मी म्हटलं, चौथ्या दिवशी कौल लागेल तेव्हा कळेल.

"तारीख लिहा," त्या म्हणाल्या. "मोकळा रकाना मी वर पाठवू शकत नाही."

मी चौथ्या दिवसाची तारीख लिहिली, संध्याकाळी सहापर्यंत. माझ्या आठवणीत देवानं एकदाच नाही म्हटलं होतं. धंदा करणारा माणूस एवढी जोखीम घेतो.

कार्यालयातली घासाघीस सोपी होती. खरी वाडीत झाली. चार आगींत एकोणीस घरांनी रांधायचं म्हणजे एका चुलीवर पाच घरं. मी बायकांना आमच्या अंगणात बोलावलं. आमची एक चुलत वहिनी आहे, तिच्या तोंडाला गाव घाबरतो. ती म्हणाली, "म्हणजे माझो टोप चुलीर चढायसर माझी नातवंडां म्हातारी जातली."

"तुझो टोप चढूचोच नाय," मी म्हटलं. "कायली माझी. पाच घरांचा येकत्र रांदूचा."

"नि हिच्या हातची आमटी मी खाऊ?" तिनं शेजारणीकडे बोट केलं. "हिच्या आमटीत मीठ नसता."

"तुझ्या आमटीत नुसतां मीठच आसता," शेजारीण म्हणाली.

"मगे दोगींनी मिळान करा, बरोबर जातला," मी म्हटलं. हशा झाला, आणि हशात मी गट पाडून टाकले. कोण कुठल्या कायलीला, लाकूड कुणी आणायचं, पाणी कुणी भरायचं. ताडपत्र्या माझ्या दिल्या. त्यांचं भाडं घेतलं नाही, हे इथे मुद्दाम लिहितो, कारण नंतर ते कुणी बोललं नाही.

मी चुली मोजल्या, पिंपं मोजली, माणसं मोजली. मडकं मोजलं नाही. माझी चूक तिथे झाली. वाडीतला दुसरा कुणी अर्ज करायला गेला असता तर त्याच्या आधी ते लक्षात आलं असतं. आमच्या घरापर्यंत ते मडकं नेहमी राख होऊनच पोचलं, म्हणून माझ्या डोक्यात ते राखेचं मडकं होतं. त्यात विस्तव असतो ही गोष्ट मी ऐकलेली होती, पाहिलेली नव्हती.

तीन दिवस उत्तम गेले. वनरक्षक दिवसातून दोनदा यायचा, पिंपं बघायचा, एकदा त्यानं खाली बसून जेवणही केलं. वहिनीनं त्याला वाढताना विचारलं, "साहेब, मीठ बरोबर आहे ना? चार चुली तुम्हीच दिल्यात." तो लाजला. संध्याकाळी म्हातारे पिंपाभोवती बसून मागच्या गावपळणींचे हिशोब काढायचे, कुणाची म्हैस हरवली, कोण कुणाच्या खोपीत सापडला. मी गटप्रमुख म्हणून फिरत होतो. लोक मला विचारत होते, आग किती वेळ ठेवू, ही काटकी चालेल का. आबा आपल्या खोपीत बसून होते. मला बरं वाटत होतं, हे लपवत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी गावचे मानकरी आणि गुरव देवळात गेले, तेवढी मुभा त्यांनाच असते. कौल लावला. देवानं दिला नाही.

बातमी माळावर आली तेव्हा कुणी गडबडलं नाही. नाही तर नाही, उद्या विचारू. बायकांनी दुपारच्या तांदळाला हात घातला. मी एकटा घड्याळ बघत होतो. सहानंतर त्या माळावर आमचं राहणं बेकायदा होतं, आणि गावात पाऊल टाकता येत नव्हतं.

मी मॅडमना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत, पण सरकल्याही नाहीत. फोनवर मुदत वाढवता येत नाही, आणि वर पाठवून कागद यायला दोन दिवस.

"मॅडम, माणसांना मी दर्यात नेऊ का?"

"माणसांना मी हाकलणार नाही," त्या म्हणाल्या. "एक रात्र राहा. पण सहानंतर आग एकही नको. एकही. हा तुमचा शब्द, तुमच्या नावावर."

"दिला," मी म्हटलं.

दुपारीच मी सगळ्यांना दोनदा जेवायला घातलं, रात्रीसाठी पोहे नारळाच्या रसात भिजवून गूळ घालून ठेवायला सांगितले. साडेपाचला वनरक्षकासमोर चारही पिंपं विझवली. पाणी, काठी, पाणी. चारही पिंपांत मी हात घातला. त्यानंही घातला. त्यानं वहीत लिहिलं, चार आगी विझल्या. मी त्या वहीखाली सही केली. त्या रात्री वाडी अंधारात बसून पोहे खात होती, आणि वहिनी माझ्या नावानं बोटं मोडत होती, ते मला ऐकू येत होतं. मला झोप चांगली लागली.

सकाळी धुराच्या वासानं उठलो. आबांच्या खोपीमागे गुरं बांधली होती. तिथे त्यांची सून भिजलेलं गोणपाट घेऊन गवत बडवत होती. तीन दगडांवर ठेवलेलं मडकं वासरानं पाडलं होतं, राख आणि निखारे वाळल्या गवतात गेले होते. मी धावलो, पण तोवर तिनं विझवलंच होतं. सुपाएवढा तुकडा काळा झाला असेल. रोपं तिथून लांब होती. नुकसान म्हणावं असं काही नव्हतं. पण वनरक्षक पाऊलवाटेनं वर येताना मला दिसत होता.

त्यानं मडकं उचललं, आत बोट घातलं, बोट काढलं. सगळी वाडी जमली होती.

"हे कुणाचं?" त्यानं विचारलं.

सुनेच्या हाताला काजळी होती, पदर ओला होता. त्यालाही दिसत होतं. आबा खोपीच्या दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. ते बोलले नाहीत. कुणीच बोललं नाही. माझं डोकं तिथेच फिरलं.

"गटाचं," मी म्हटलं. "लिहा. गटप्रमुख मी आहे."

लोक नंतर म्हणाले की मी त्या मुलीला वाचवलं. तसं काही माझ्या मनात नव्हतं. मी रागात बोललो. आबांना लाज वाटावी म्हणून बोललो, आणि ती त्यांना वाटली नाही.

तो पंचनामा लिहायला बसला, आणि तेवढ्यात खालून ढोल वाजला. देवानं कौल दिला होता. सगळी वाडी अर्ध्या तासात निघाली. कोंबड्या काखेत, गुरं पुढे, टोपल्या डोक्यावर, आणि सुनेच्या हातात ते मडकं, कारण उरलेला निखारा तिनं पुन्हा राखेत पुरला होता. वनरक्षकानं ते नेऊ दिलं. मी माळावर माझ्या चार थंड पिंपांच्या मध्ये उभा राहून सुपाएवढ्या गवताची लांबी-रुंदी सांगत होतो. गावात शिरणारा शेवटचा माणूस मी होतो. घरी गेलो तेव्हा न्हाणीची चूल पेटलेली होती. बायकोला विचारलं, मडकं आलेलं का. ती म्हणाली, "इला. राख होती. मी काडी ओडलंय."

माझा अर्ज त्या आठवड्यात परत आला. मागच्या पानावर शेरा होता: मुदत संपल्यानंतर विस्तव आढळला, गवत जळाले. या हंगामात परवानगी देता येत नाही. मी मॅडमकडे गेलो, तासभर भांडलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मडकं तुमचं होतं का?"

"नाही."

"मग ज्यांचं होतं त्यांना लिहून द्यायला सांगा. मी शेरा बदलते."

एका कागदाचा प्रश्न होता. मी सरळ आबांच्या घरी गेलो. पडवीत ते सुपारी कातरत होते.

"मडकां तुमचां होतां," मी म्हटलं. "तां माका म्हायत, तुमकाय म्हायत. येक कागद लिवन द्या. माझो धंदो बसलो हा."

"मडकां माझां," ते म्हणाले. "इस्तो वाडीचो. नि वाडीचो प्रमुख कोण म्हणान लिवलंस तू?"

"तां कागदार."

"मगे शेरो खंय पडलो? कागदारच मां?" त्यांनी सुपारीचा तुकडा माझ्यापुढे केला. "माझां नाव खोडूक मीच गेललंय काय?"

मी सुपारी घेतली नाही. जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या मुलानं मला हाताला धरून अंगणाबाहेर काढलं. त्या हंगामात तंबू खोलीत पडून राहिले. सांगून ठेवलेले गट गोव्यात दुसऱ्याकडे गेले, त्यातले निम्मे परत आले नाहीत. पुढच्या वर्षी मॅडमनी स्वतः माझा अर्ज मंजूर केला, पण शेरा पुसत नसतात. अजून दर हंगामाला नव्या कागदासोबत ते जुनं पान जोडावं लागतं. आणि आबांच्या पडवीत मी पाय ठेवला नाही.

या वर्षी पुन्हा गावपळणीचा कौल झाला. मी ठरवून टाकलं होतं, वाडीचा कागद मी करणार नाही. सकाळी टेम्पो काढला, दोडामार्गला सामान पोचवायचं होतं. फाट्यावर आबा उभे होते, काठी घेऊन. मी थांबलो नसतो, पण ते रस्त्याच्या मध्ये उभे होते. दार उघडून आपले आपण वर चढले.

"खंय जातास?" मी विचारलं.

"तू जातंस थंयच. आपिसात."

कार्यालय वाटेतच होतं; त्यांचा कागद त्यांनी करावा म्हणून मी त्यांना तिथे नेलं. कार्यालयात आता नवे साहेब आहेत, वयानं मोठे, चष्म्याचे. त्यांनी फॉर्म पुढे केला. मी तो आबांकडे सरकवला. गटप्रमुखाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"घ्या. ह्या खेपेक तुमी."

आबांनी फॉर्म परत माझ्याकडे सरकवला. "तूच कर. ह्या खेपेक मडकां तुझ्या चुलीसून निघतला. वाडीत सांगान इलंय मी."

तीन वर्षं मी एका कागदाची वाट बघत होतो, आणि माणूस भलतंच काहीतरी घेऊन आला होता. मला शेरा पुसून हवा होता. हे मी मागितलेलं नव्हतं. म्हणजे आता मागितलेलं नव्हतं.

"परत इल्यार?" मी विचारलं. "पयली चूल कोणाची?"

"इस्तो जेचो तेची," ते म्हणाले. "आमची एकोणिसावी. माझी सून काडी ओडतली. तिका जमता."

म्हणजे त्यांना काडीचं माहीत होतं. आईच्या वेळेपासून माहीत असणार. त्याचा राग मला तिथेच, साहेबांसमोर आला, आणि तो गिळून मी पेन उचललं. सही केली. आगींच्या रकान्यात मी पाच लिहिलं.

साहेबांनी चष्मा वर केला. "मागच्या वेळी चार होत्या. शेरा चारावरच पडलाय. तुम्ही वाढवून मागताय?"

"चार चुली. पाचवी चूल नाही, मडक्यातला विस्तव आहे. तो विझवत नाहीत. मागच्या वेळी तो मी लिहिला नव्हता म्हणून शेरा पडला. लिहिला असता तर पडला नसता."

"आणि परतीच्या रकान्यात हे काय? 'किंवा'?"

"चौथा दिवस किंवा पाचवा. दोन्हीची परवानगी आजच द्या. नंतर फोनवर तुम्हालाही त्रास, मलाही."

पाऊण तास लागला. 'किंवा' त्यांनी लवकर सोडलं. मडक्यावर अडून बसले. मी म्हटलं, लोखंडी पिंपात ठेवतो. आबा म्हणाले, लोखंडात चालत नाही. मी म्हटलं, मग मातीच्या ओट्यावर, गुरांपासून लांब, भोवती दहा हात माती उघडी, पाण्याचं एक पिंप वेगळं. साहेब म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण रात्रभर त्याच्याकडे बघणार कोण? वासराला परवानगी वाचता येत नाही.

"मी बघेन," मी म्हटलं.

त्यांनी ते अटीतच लिहून टाकलं: पाचव्या विस्तवाजवळ गटप्रमुखाने स्वतः उपस्थित राहावे, निवासाचा संपूर्ण काळ. त्यावर माझी वेगळी सही घेतली. सहीच्या आधी माझं हो नुसतं तोंडी होतं, फिरता आलं असतं, पण एकदा बोललेलं मागे घेऊन भाव पाडणारा मी नाही.

पायऱ्या उतरताना आबा माझ्या खांद्याला धरून उतरले. गुडघे दुखतात म्हणाले.

"चार-पाच राती जागो रवशीत," ते म्हणाले. "माझ्या सुनेक येवडी वर्सां कोणी इचारल्यान नाय, झोपतंस काय म्हणान."

टेम्पोचं दार उघडून त्यांना वर चढवलं. मागे फळ्यांवर एक पिंप होतं, नवंच कापून आणलेलं. वाटेत कुंभाराकडे थांबून मडकं घ्यावं लागणार होतं, आणि कुंभार माझ्याशी भाव करत नाही, मला बघितल्यावर आधीच दुप्पट सांगतो.